बाळ दूध बाहेर काढतं, रात्री श्वास अडकल्यासारखा वाटतो: अशा वेळी काय करावं

रात्रीचे तीन वाजलेत. तासाभरापूर्वी पोटभर पिऊन झोपलेल्या बाळाच्या घशातून घुरघुर येते आणि एकदम सगळं शांत होतं. तुम्ही दचकून उठता, त्याच्या नाकाखाली बोट धरता. तेवढ्यात बाळ चार-पाच छोटे श्वास भराभर घेतं आणि पुन्हा संथ झोपतं. तुमची झोप मात्र उडते ती उडतेच. ही भीती खुळी नाही. पण अशा वेळी नक्की काय बघायचं ते ठाऊक असलं, तर हातपाय गळत नाहीत.

आधी श्वास मोजा

बोट नाकाखाली धरून नीट कळत नाही, पोटाकडे बघा. बाळ शांत झोपलेलं असताना दिवा मंद लावा, झबलं थोडं वर करा. पोट वर येऊन खाली गेलं की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर आकडा चुकतो, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतोच. मेंदूतलं श्वासाचं नियंत्रण अजून पक्कं झालेलं नसतं, त्यामुळे मधे ५ ते १० सेकंदांचा खंड पडतो आणि मग श्वास भरभर चालतो. मिनिटाला ३० ते ६० श्वास ठीक. रडताना किंवा पिताना मोजू नका.

घुरघुर बहुधा नाकातली असते. अगदी लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, त्यामुळे वाळलेल्या शेंबडाचा कणही मोठा आवाज करतो. पाजण्याआधी लहान बाळांसाठीचे सलाईनचे एक-दोन थेंब पुरतात. नाकात तेल कधीही घालू नका.

दूध वर येतं, त्याचं काय

अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप अजून सैल असते, म्हणून दूध परत वर येतं. साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास हे सर्वात जास्त असतं आणि वर्षाचं होईपर्यंत बहुतेक बाळांचं थांबतं. वजन वाढतंय, बाळ हसतं-खेळतं आहे, तर औषधाची गरज सहसा नसते. दूध फार गेलं असं वाटलं, तर एक चमचा पाणी दुपट्यावर ओतून बघा. डाग केवढा पसरतो ते पाहून निम्मी काळजी कमी होईल.

एका वेळी थोडं, पण जास्त वेळा पाजा. मधे आणि शेवटी ढेकर काढा. नंतर २० ते ३० मिनिटं बाळाला खांद्याशी उभं धरा, पाठ सरळ राहू द्या. गाडीच्या सीटमध्ये किंवा झोळीत ते पोटात दुमडतं आणि दूध उलट वर ढकललं जातं. डायपर पोटावर घट्ट नको. दूध घट्ट करण्यासाठी काहीही मिसळायचं ते डॉक्टरांनी सांगितलं तरच.

झोपवायचं उताणंच

इथे मी जरा आग्रहाने लिहिते, कारण दूध काढणाऱ्या बाळाला कुशीवर किंवा पालथं घालण्याचा सल्ला हमखास मिळतो. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचं तर चढावं लागतं. पालथं घातलं की हे उलटं होतं. शिवाय झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूचा धोका पालथ्या बाळाला कितीतरी जास्त असतो. गादी घट्ट आणि सपाट हवी. उशी, मऊ खेळणी, जाड पांघरूण नको. डोक्याकडची बाजू उंचही करू नका: बाळ घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. पहिले सहा महिने बाळ तुमच्या खोलीत, पण स्वतःच्या अंथरुणावर झोपू द्या.

ठसका लागला तर

खोकतंय, रडतंय, म्हणजे हवा जातेय. कुशीवर वळवा, तोंडातलं दूध बाहेर येऊ द्या. आवाजच फुटत नसेल, तर बाळाला हाताच्या आधारावर पालथं धरा, डोकं छातीपेक्षा खाली. दोन खांद्यांच्या मधे तळहाताने ५ थापा मारा. मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ वेळा दाबा. श्वास मोकळा होईपर्यंत आलटून पालटून करत राहा, दुसऱ्याला रुग्णवाहिका बोलवायला सांगा. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका. बाळ निपचित पडलं तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं. तो शिकवणाऱ्याकडून आधीच शिकून घ्या. फक्त वाचून हात वळत नाही.

इथे थांबायचं नाही

श्वास २० सेकंदांहून जास्त थांबला, ओठ किंवा जीभ निळी पडली, अंग ढिलं पडलं, प्रत्येक श्वासाला कण्हणं येतंय, नाकपुड्या फुलताहेत, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, शांत असतानाही श्वास ६० च्या वरच राहतोय: तडक दवाखान्यात. हिरवी किंवा रक्ताची उलटी, पिचकारीसारखी जोरात आणि वारंवार उलटी, तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल, तरी तसंच. शू कमी होत असेल, बाळ पित नसेल किंवा वजन वाढत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. (पहिल्या दिवसांत फक्त तळहात-तळपाय निळसर दिसणं वेगळं, जीभ गुलाबी आहे ना ते बघा.)

बाळ बरं असेल आणि तरी शंका येत असेल, तर फोनवर मिनिटभराचा व्हिडिओ काढा, पोट आणि चेहरा दोन्ही दिसतील असा. दवाखान्यात बाळ नेमकं गाढ झोपतं आणि रात्री काय झालं ते शब्दांत सांगता येत नाही. व्हिडिओ असला की डॉक्टरांना लगेच कळतं.