मांजराला रोज शिकारीचा खेळ द्या

पोट भरलेलं असलं तरी मांजर चिमणीवर झेप घेतंच. शिकारीची ऊर्मी फक्त भुकेतून येत नाही. म्हणून ओरडून, मारून काही साधत नाही, ते फक्त तुम्हाला घाबरायला लागतं. त्यापेक्षा रोज ५ ते १० मिनिटं खेळवा. काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून ती जमिनीलगत, थांबत थांबत, सोफ्याआड लपवत ओढा. मांजर दबा धरेल, मागचा भाग हलवेल, झडप घालेल. शेवटी चिंधी त्याच्या पंजात येऊ द्याच आणि लगेच जेवण वाढा. (लेझरच्या ठिपक्यात पकडायला काहीच नसतं, म्हणून तो मला पटत नाही.) इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात अशा खेळाने घरी आणलेली शिकार २५ टक्क्यांनी, तर भरपूर मांसाच्या, धान्य नसलेल्या खाद्याने ३६ टक्क्यांनी घटली. गळ्यातल्या घंटीचा ठळक फायदा दिसला नाही. बाल्कनीत बुलबुलाचं घरटं असेल, तर पिल्लं उडेपर्यंत दार बंदच ठेवा. मांजराच्या तोंडून सुटलेला पक्षी धडधाकट दिसला तरी पशुवैद्याकडे न्या. लाळेतल्या जिवाणूंमुळे छोटी जखमही जीवघेणी ठरू शकते.