युरोपात पीएचडी करायचीय? आधी जाहिरात वाचायला शिका

डोंबिवलीला आमच्याकडे रविवारी सकाळी कुणी ना कुणी लॅपटॉप घेऊन येतंच. "ताई, युरोपात पीएचडीला अ‍ॅडमिशन कशी घ्यायची?" मी आधी तो शब्दच बदलायला लावते. नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमध्ये पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा पगारी नोकरी. जागा निघते, जाहिरात येते, मुलाखत होते.

जाहिराती शोधायच्या कुठे? युरोपियन कमिशनचं युरॅक्सेस सगळ्या देशांसाठी. नेदरलँड्सला अकॅडेमिक ट्रान्सफर, नॉर्वेला जॉबनॉर्गे. स्वीडनसाठी विद्यापीठांची स्वतःची पानं बघा. जर्मन जाहिरातीत 'टीव्ही-एल ई13, 65%' दिसलं की मुलं गुणांची अट समजून पान बंद करतात. तसं नाही. ती पगारश्रेणी आहे, आणि त्यातला किती हिस्सा मिळणार तो आकडा.

मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्क, म्हणजे युरोपियन युनियनच्या पैशावर चालणारी पीएचडी योजना, तिच्या जागा जरूर बघा. नागरिकत्वाची अट नाही. मात्र जागा ज्या देशात आहे, तिथे नेमणुकीआधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. मुंबईतच शिकलेल्यांना ही अट अडवत नाही. जर्मनीत नुकतंच मास्टर्स केलेल्याला जर्मनीतल्या जागेसाठी अडवते.

आता अर्ज. मी स्वतः पहिल्या वर्षी एकच पत्र नाव बदलून चाळीस जणांना पाठवलं होतं. एकाचंही उत्तर आलं नाही, आणि ते वर्ष हातचं गेलं. म्हणून आता जाहिरातीची प्रिंट काढायला लावते. प्रत्येक अटीखाली पेन्सिलीने रेघ, आणि समोर आपण केलेलं एक काम. गेल्या वर्षी एका मुलीला खाडीच्या गाळावरच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. तिच्या पत्राची सुरुवात होती, 'मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे.' जाहिरातीत मागितलं होतं फील्डवर्क आणि 'आर' या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधलं विश्लेषण. मी विचारलं, एमएससीच्या प्रोजेक्टला काय केलंस? म्हणाली, ऐरोलीच्या बाजूला ओहोटीची वेळ गाठून चिखलात उतरायचे, 36 नमुने आणले, शिशाचं प्रमाण मोजलं, आलेख 'आर'मध्ये काढले. अगं, मग हेच लिही ना पहिल्या ओळीत! तिने लिहिलं, आणि तिला मुलाखतीचं बोलावणं आलं.

शिफारशीसाठी सरांना आयत्या वेळी गाठू नका. महिनाभर आधी भेटा, जाहिरात आणि सीव्ही त्यांच्या हातात द्या. ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे विद्यापीठाच्या एकत्रित गुणपत्रिकेचा, अर्ज तर शोध सुरू करायच्या आधीच टाकून ठेवा.

मुदत त्यांच्या घड्याळाने असते. तिथले रात्रीचे 11:59 म्हणजे हिवाळ्यात आपले पहाटेचे 4:29, उन्हाळ्यात 3:29. तेवढ्या भरवशावर राहू नका, दोन दिवस आधी अपलोड करा. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही.

मुलाखतीत शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं विचारतातच. तेव्हा गप्प बसू नका. ग्रुपमधल्या एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याशी बोलता येईल का, हे विचारा, आणि खरंच बोला. गाईड आठवड्याला भेटतात की तीन महिन्यांनी, मागच्यांची पीएचडी किती वर्षांत झाली, हे तोच नीट सांगेल.