इलेक्शनच्या दिवसांत आलेली बातमी तपासायची कशी

निवडणूक लागली की आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज चार-पाच कात्रणं नाहीतर व्हिडिओ येऊन पडतात आणि शेवटी काका मलाच विचारतात, "बाळा, हे खरं आहे का रे?" तर मी काय काय बघतो ते एकदा नीट लिहून टाकतो, कुणाच्यातरी उपयोगी पडेल.

आधी चॅनलचा लोगो लावलेलं ग्राफिक. मागच्या वेळी मतदानाच्या आदल्या रात्री एक आलं, अमुक उमेदवाराने माघार घेऊन समोरच्याला पाठिंबा दिला म्हणून. लोगो बरोबर, लाल पट्टी बरोबर. झूम केलं तर 'पाठींबा' दीर्घ लिहिलेलं आणि तारीख कुठेच नाही. आता शुद्धलेखन चॅनलवालेही चुकवतात, त्यामुळे तेवढ्यावर थांबू नका, त्या चॅनलच्या स्वतःच्या पेजवर जाऊन त्या दिवसाच्या पोस्ट खाली खाली बघत जा, मला ते ग्राफिक तिथे सापडलंच नाही. आणि डोकं पण लावायचं, अर्ज मागे घ्यायची मुदत मतदानाच्या बरेच दिवस आधी संपते, म्हणजे आदल्या रात्री 'माघार' कसली घेणार, नाव तर मशीनवर राहतंच. अशा गोष्टी मुद्दाम रात्री सोडतात, कारण सकाळपर्यंत खुलासा पोचतच नाही.

व्हिडिओ असेल तर तीन-चार ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्सला टाका, जुना असेल तर बऱ्याचदा मूळ सापडतं. आणि शेवट कापलाय का ते बघाच. २०१८ ला बाइकवरून येऊन पोराला उचलून नेणाऱ्या दोघांचा व्हिडिओ देशभर फिरत होता, तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करायला बनवलेला, शेवटी ते पोराला परत आणून सोडतात आणि हातात बोर्ड धरतात. नेमका तो शेवटच कापून पुढे पाठवला गेला. त्याच वर्षी १ जुलैला आपल्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, आठवडे बाजारच्या दिवशी, पोरं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. हे आठवलं की मला 'फॉरवर्ड केलं तर काय बिघडतं' हे वाक्य ऐकवत नाही.

पण खरी अवघड जागा पुढे आहे, कारण पेपरात छापून आलं म्हणजे ती बातमीच असेल असं नाही. २००९ च्या विधानसभेला तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं कौतुक करणारा तोच मजकूर, शब्दन् शब्द सारखा, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी पेपरांत छापून आला होता, पत्रकार पी. साईनाथ यांनी ते 'द हिंदू'त उघड केलं आणि पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेली जाहिरात, हा शब्द घराघरात पोचला. ते प्रकरण निवडणूक आयोगात पाच वर्षं चाललं, २०१४ मध्ये खर्चाच्या हिशोबावरून आयोगाने चव्हाणांच्या विरोधात निर्णय दिला आणि त्याच वर्षी दिल्ली हायकोर्टाने तो रद्द केला. म्हणजे कायद्याच्या वाटेने निकाल लागेपर्यंत पुढची निवडणूक येते, आपणच ओळखायला शिकलं पाहिजे. मी काय करतो, बातमीतलं मधलंच एक वाक्य कॉपी करून अवतरण चिन्हात सर्चला टाकतो. दोन-तीन पेपरांत तेच वाक्य निघालं तर ते बहुतेक त्या पेपरच्या स्वतःच्या बातमीदाराने लिहिलेलं नसतं. सरकारी योजनेची बातमी असेल तर तेच वाक्य 'महासंवाद'वर शोधा, माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची ती साइट आहे, बऱ्याचदा प्रेसनोट जशीच्या तशी छापलेली दिसते. प्रेसनोट छापणं गुन्हा नाही हो, पण ती सरकारची बाजू आहे एवढं माहीत असावं. बातमीत विरोधात बोलणारा एकही माणूस नसेल, एकही अडचण नसेल, तर मी ती जाहिरात म्हणूनच वाचतो. उमेदवाराची अशी 'बातमी' दिसली तर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे एमसीएमसी नावाची, प्रचाराच्या जाहिराती आणि पेड न्यूजवर लक्ष ठेवणारी कमिटी असते, कात्रण जोडून तिच्याकडे तक्रार करता येते.

मालक कोण ते पण बघत जा. पेपरात कुठेतरी खाली बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असतात, कुणी वाचत नाही ती ओळ. 'सामना' ठाकरेंच्या शिवसेनेचा हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून तो वाचताना आपण तेवढं धरूनच वाचतो, अडचण होते ती जिथे नातं दिसत नाही तिथे. छोट्या पेपरांना तर सरकारी जाहिरात हाच मोठा आधार असतो, ती बंद झाली तर पगार कुठून होणार, मग तालुक्याचा बातमीदार आमदाराच्या विरोधात लिहिताना दहादा विचार करणारच.

आणि फॅक्ट चेक कोण करतंय तेही महत्त्वाचं. पीआयबीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं, फॅक्ट चेक बनावट भरती, खोटं पत्रक यासाठी मी वापरतो, पण विषय सरकारच्या कामाचाच असेल तर बूम किंवा ऑल्ट न्यूजसारखी बाहेरची जागाही बघतो. सरकारबद्दलचं काय खोटं हे सरकारच्याच युनिटने ठरवायचं असा नियम केंद्राने २०२३ ला आणला होता, आपल्या मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला.

ग्रुपवर उत्तर देताना 'काका तुम्ही काहीही टाकता' असं लिहू नका, माणूस चिडतो आणि दुसऱ्या ग्रुपवर तेच टाकतो. मी आधी फोन करतो, मग ग्रुपवर मूळ लिंक टाकून खाली एवढंच लिहितो की हा व्हिडिओ कराचीचा आहे, शेवट इथे बघा. काकांनी एकदा स्वतःहून पोस्ट डिलीट करून जिथे जिथे पाठवली होती तिथे तिथे लिंक पाठवली, सतरा जणांना, एकेकाला.