व्यवसायासाठी डोमेन नाव घेताना या चुका टाळा

डोमेन नाव, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, कानाला कसे लागते यावर लोक आठवडेच्या आठवडे विचार करतात, पण ते कोणाच्या नावावर नोंदवले जात आहे हे नोंदणीच्या दिवशी पाहतही नाहीत. डोमेन नाव मुळात कायमचे विकत मिळत नाही. डॉट कॉमसारख्या विस्तारात ते एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी वापरायला मिळते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करण्याची जबाबदारी नोंदणीदारावरच असते.

नावाची पहिली कसोटी कानाची आहे. फोनवर एकदा सांगितलेले नाव समोरच्याने न चुकता टाइप केले, तरच ते चालण्यासारखे आहे. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना ही कसोटी फार अवघड होते, कारण ‘व’साठी कोणी व्ही लिहितो तर कोणी डब्ल्यू, दीर्घ ‘ई’साठी कोणी दोन ई लिहितो तर कोणी एकच आय, आणि ‘आ’साठी ए एकदा लिहावा की दोनदा, यावर एकाच कार्यालयातल्या माणसांचेही एकमत नसते. समजा ‘दीपविहार’ हे नाव ठरले, तर एवढ्या तीन जागांवरूनच त्याची आठ स्पेलिंग तयार होतात. आपण असे नाव आधीच घेतलेले असेल, तर सर्वाधिक संभवणारी दोन-तीन स्पेलिंगही नोंदवून ती मूळ संकेतस्थळाकडे वळवावीत. संयोगचिन्हाची अडचणही अशीच आहे: बोलताना ते गळून पडते आणि ग्राहक बिनचिन्हाच्या पत्त्यावर, म्हणजे कदाचित प्रतिस्पर्ध्याकडे, पोहोचतो. नावाच्या एका भागाला ६३ अक्षरांची मर्यादा आहे, पण तिच्या जवळपासही जाण्याचे कारण नाही.

देवनागरी डोमेन नाव घेता येते. मात्र आतल्या व्यवस्थेत त्याचे रूपांतर ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरमालिकेत होते, आणि काही ईमेल प्रणाली व ऑनलाइन अर्ज असा पत्ता अजूनही स्वीकारत नाहीत. म्हणून ते रोमन नावाच्या जोडीला घ्यावे, त्याच्याऐवजी नव्हे.

शोधयंत्रात वर दिसावे म्हणून वस्तूचे आणि गावाचे नाव जोडून लांबलचक डोमेन घेण्याची सवय जुनी आहे. केवळ शोधशब्दाशी तंतोतंत जुळणारे नाव असलेल्या, पण निकृष्ट मजकुराच्या संकेतस्थळांना मिळणारा लाभ गूगलने २०१२ मध्येच कमी केला. शिवाय उद्या दुसरी वस्तू विकायची झाली, तर तेच नाव अडचणीचे ठरते.

नाव उपलब्ध दिसते याचा अर्थ ते वापरण्याचा हक्क आहे, असा होत नाही. नोंदणी करणारी कंपनी ट्रेडमार्क तपासत नाही. ते काम आपणच आधी करायचे असते. डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने १९९९ मध्ये स्वीकारलेल्या तंटा-निवारण धोरणानुसार, नाव एखाद्या ट्रेडमार्कशी संभ्रम होईल इतके जुळते, नोंदणीदाराचा त्यावर हक्क किंवा वैध हितसंबंध नाही आणि नोंदणी व वापर दुर्हेतूने झाला आहे, या तिन्ही गोष्टी तक्रारदाराने सिद्ध केल्या, तर ते नाव रद्द होते किंवा त्याच्याकडे जाते.

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे संकेतस्थळ बनवणाऱ्याने आपल्याच खात्यातून आणि आपल्याच नावावर डोमेन नोंदवणे. हेतू बहुधा सोयीचा असतो, पण व्यवहार तुटला की नाव त्याच्या हाती राहते. नोंदणीदार म्हणून व्यवसायाचे नाव आहे ना, खात्याचा पासवर्ड आपल्याकडे आहे ना, हे आजच तपासावे. नसल्यास संबंध चांगले असतानाच बदल करून घ्यावा. नोंदणीदार बदलल्यावर किंवा डोमेन हलवल्यावर ते पुन्हा दुसऱ्या कंपनीकडे नेण्यास साधारणतः ६० दिवसांची अटकाव-मुदत लागू होऊ शकते, हेही लक्षात घ्यावे.

नोंदणीसाठी त्याच डोमेनवरचा ईमेल पत्ता देणे हा असाच एक सापळा आहे. मुदत संपल्यावर संकेतस्थळाबरोबर तो पत्ताही बंद पडतो, आणि नूतनीकरणाची पुढची सूचना व पासवर्ड बदलण्याचा दुवा कुठेच पोहोचत नाही. स्वयंचलित नूतनीकरण सुरू असले तरी जोडलेले कार्ड कालबाह्य झाले की तेही अडते. ही निष्काळजी लहानांपुरतीच असते असे नाही: डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून, हॉटमेलमध्ये प्रवेश ज्यातून होत असे त्या पासपोर्ट डॉट कॉमचे ३५ डॉलरचे नूतनीकरण राहून गेले आणि हॉटमेलच्या अनेक वापरकर्त्यांना खाते उघडता येईना.

मुदत संपली असेल तर घाबरण्याऐवजी त्वरित नोंदणी कंपनीशी बोलावे. डॉट कॉममध्ये बहुतेकदा काही दिवस नेहमीच्या शुल्कात नूतनीकरण करता येते. नाव हटवले गेल्यावर ३० दिवसांच्या काळात ते जादा शुल्क भरून परत मिळवता येते, आणि त्यानंतरच्या ५ दिवसांत काहीही करता येत नाही. त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतो.

नवे डोमेन सुमारे पंधरवड्यानंतर अचानक बंद पडले, तर सर्व्हरला दोष देण्यापूर्वी ईमेल पाहावा: पडताळणीच्या दुव्यावर १५ दिवसांत क्लिक केले नाही तर नाव स्थगित होऊ शकते. संकेतस्थळ चालू आहे पण ईमेल येत नाही, आणि नुकतेच नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले आहेत, असे असेल तर बहुधा एमएक्स नोंदी, म्हणजे ईमेल कोणत्या सर्व्हरकडे जावा हे सांगणाऱ्या नोंदी, नव्या जागी भरायच्या राहिलेल्या असतात. त्या भराव्यात आणि बदल सर्वत्र पोहोचायला ४८ तासांपर्यंत वेळ द्यावा.