पाच लेटरचा शब्द सापडत नाही? या चुका टाळा

रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या आमच्या इमारतीतली सात-आठ मुलं माझ्याकडे इंग्रजी शब्दकोडी सोडवायला जमतात. परवा फळ्यावर लिहिलं: पाच लेटरचा शब्द, त्यात ओ, एन आणि आय हवेत, वस्तू आपल्या जिल्ह्यात पोत्यांनी दिसते. एकीने लगेच 'युनियन' सांगितलं. लेटर बरोबर होती, पण युनियन पोत्यात कशी भरणार? मग बराच वेळ कुणी बोलेना. उत्तर होतं 'ओनियन'. लासलगावच्या बाजार समितीत ज्याच्या ट्रॉल्यांची रांग लागते, तो कांदाच नाशिकच्या पोरांना सुचला नाही.

कारण त्यांनी मनात पाच वेगवेगळी लेटर धरली होती. ओ-एन-आय-ओ-एन यात जागा पाच, लेटर मात्र तीनच. 'अमुक लेटर हवं' म्हणजे ते निदान एकदा हवं, दोनदा आलं तरी चालतं. शब्द अडला की मी मुलांना पहिली सूचना हीच देते: हातात असलेलंच एखादं लेटर पुन्हा वापरून बघा.

कानाने मोजू नका

ही चूक खास आपली, मराठीत वाढलेल्यांची. मराठीत अक्षर म्हणजे काना-मात्रा-वेलांटीसकट एक उच्चार, आणि बोलतो तसंच लिहितो. ती सवय इंग्रजीत नेली की हिशेब कोसळतो. 'थ्रू' आपल्या लेखी एकच अक्षर, पण स्पेलिंग टी-एच-आर-ओ-यू-जी-एच, सात लेटर. 'नाइट' म्हणजे रात्र, त्यात जी आणि एच आवाज न करता बसलेले. 'नाइफ'ची सुरुवातच के-ने होते. के असलेला पाच लेटरचा शब्द शोधताना नाइफ सुचत नाही, कारण कानाला 'क' ऐकूच येत नाही. उलट 'केऑस'मध्ये 'क' ऐकू येतो आणि स्पेलिंगमध्ये के नसतो, सी-एच असतात. म्हणून सुचलेला प्रत्येक शब्द कागदावर लिहायचा आणि लेटरवर बोट ठेवत मोजायचा. मोठ्यांनीसुद्धा. तोंडी मोजताना माझीही गफलत होते.

प्रश्न नक्की कोणता आहे?

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. समजा ए, आर, टी ही लेटर दिली आहेत आणि शब्द पाच लेटरचा हवा आहे. यातून तीन निरनिराळे प्रश्न निघतात. ही तिन्ही लेटर कुठेही, कशीही असली तरी चालतील का? मग पार्टी, स्टार्ट, ट्रेन, वॉटर, ट्रेड सगळे बसतात. ती सलग, याच क्रमाने हवीत का? मग पार्टी आणि स्टार्ट राहतात. ट्रेन, वॉटर, ट्रेड गळतात. की फक्त याच तीन लेटरांतून शब्द बनवायचा आहे? हे अवघड, पण एक उत्तर आपल्या घरातलं आहे: 'अत्तर'. ए-टी-टी-ए-आर. इंग्रजी शब्दकोशात तो रीतसर आहे.

यावरून आणखी एक सांगते. धोती, रुपी, रायता हेही इंग्रजी शब्दकोशांत आहेत आणि तिन्ही पाच लेटरचे. 'हा तर आपला शब्द' म्हणून मुलं तो खोडून टाकतात. खोडण्याआधी शब्दकोश उघडा.

कॉम्प्युटरवर शोधताना

शब्दांची यादी एक्सेलमध्ये घेऊन शोधणाऱ्यांचा ठरलेला घोटाळा म्हणजे तारांकन (*), म्हणजे 'इथे कितीही लेटर चालतील' सांगणारी खूण. ए, आर, टी यांच्या आगेमागे आणि मध्ये तारांकन टाकून शोधलं, तर याच क्रमाने येणारे शब्द मिळतात. ट्रेनमध्ये टी आधी येतो, म्हणून तो दिसणारच नाही. शेजारच्या तीन रकान्यांत एकेक लेटर वेगळं तपासा आणि तिन्हीकडे सापडलेले शब्द घ्या. त्यासाठी सर्च हे फंक्शन वापरा. फाइंड कॅपिटल आणि स्मॉल लेटर वेगळी धरतं.

शब्द डोळ्यांना पाच लेटरचा दिसतोय आणि लेटर मोजणारं लेन हे फंक्शन सहा सांगतंय? शेवटी एक रिकामी जागा चिकटलेली असणार. ट्रिम या फंक्शनने ती जाते. वेबवरून चिकटवलेल्या यादीत कधीकधी वेगळ्या जातीची न तुटणारी रिकामी जागा येते, तिच्यावर ट्रिमची मात्रा चालत नाही. ती कॉपी करून शोधा-आणि-बदला मध्ये टाकावी लागते.

वर्डलमधला राखाडी चौकोन

ऑक्टोबर 2021 मध्ये जॉश वॉर्डल यांचा हा खेळ सगळ्यांसाठी खुला झाला, तेव्हापासून पाच लेटरचं वेड घरोघरी आहे. त्यात लपवलेला शब्द अंदाजाने ओळखायचा, त्यात असलेल्या लेटरचा चौकोन रंगतो, नसलेल्याचा राखाडी होतो. खेळताना ही चूक रोज होते: तुम्ही एकच लेटर दोनदा असलेला शब्द टाकला, एक चौकोन रंगला, दुसरा राखाडी राहिला. ते लेटर शब्दात नाही असा याचा अर्थ नाही. ते एकदाच आहे, दोनदा नाही, एवढंच त्यातून कळतं.

स्वरांचा हट्टही सोडा. 'निम्फ' आणि 'क्रिप्ट' यांत ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नाही, वाय ते काम करतो. क्यू आला की पाठोपाठ यू शोधायची शिकवण शाळेतली, पण 'तलाक', 'फकीर' आणि 'निकाब' क्यू-ने लिहिले तर यू लागत नाही. लेटरच्या सोंगट्या मांडून शब्द बनवायच्या स्क्रॅबल या खेळात क्यूची सोंगटी 10 गुणांची असते, तेव्हा हे तीन शब्द पाठच असू द्या.

स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन, हे मात्र खेळ सुरू होण्याआधीच ठरवा. आपल्या शाळांत शिकवलेला 'कलर' सहा लेटरचा, अमेरिकन पाचाचा. ऑनर, लेबर, ह्यूमर यांचंही तेच. मागच्या महिन्यात याच कलरवरून दोन भावंडांचं माझ्या ओट्यावर जोरात भांडण झालं, आणि दोघंही बरोबर होती. आता फळ्याच्या कोपऱ्यात मी आधी शब्दकोशाचं नाव लिहिते, मग कोडं.