गुण्या निवडताना या चुका टाळा

उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतला लेथवरचा टर्नर शतांश मिलिमीटरवरून वाद घालतो आणि त्याच बेळगावात किचन ट्रॉलीचे काम अंगावर घेणारा नवशिका सुतार काटकोन आखायचा गुण्या मात्र चकाकी व किंमत पाहून उचलतो, हे पाहून आता कंटाळा आला आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दुकानात एक गुण्या दुसऱ्यावर ठेवून ‘बरोबर आहे’ म्हणणे. दोन्ही सारखेच चुकीचे असतील तर ते तंतोतंत जुळणारच. खानापूरकडच्या एका होतकरू सुताराने अशाच खात्रीच्या गुण्याने ६०० मिलिमीटर खोलीच्या फळ्या आखल्या आणि ट्रॉल्या आत जाताना शेवटी अडकू लागल्या. त्याने आधी ट्रॉली ज्यांवर सरकते ते चॅनेल बदलले, मग दुकानदाराला दोष दिला, मग प्लाय घासायला घेतला; कर्ण मोजले होते व ते सारखे आले होते, त्यामुळे गुण्यावर त्याचा संशयच गेला नाही. एकाच कडेला गुण्या आधी सुलटा, मग पालथा धरून एकाच बिंदूतून रेघा मारल्या तेव्हा २०० मिलिमीटरवर दोन रेघांत ०.८ मिलिमीटर फट दिसली. खरी चूक तिच्या निम्मी, म्हणजे ०.४, ती ६०० मिलिमीटरवर १.२ झाली. डावे टोक आखून उजव्या टोकाला त्याने गुण्या पालथा केल्यामुळे प्रत्येक फळी मागच्या बाजूला २.४ मिलिमीटरने अरुंद झाली होती, आणि दोन्ही बाजू सारख्याच आत कलल्या की कर्ण सारखेच येतात. म्हणून मी कर्णांबरोबर पुढची व मागची रुंदीही मोजतो.

दुकानातच ही तपासणी करण्यासाठी मी पिशवीत एमडीएफचा (दाबलेल्या लाकूड-तंतूंच्या फळीचा) तुकडा ठेवतो, ज्याची एक कड रंधून सरळ केलेली आहे. कडच वाकडी असेल तर ही परीक्षा व्यर्थ आहे. रेघ धारदार सुरीने ओढावी, बॉलपेनने नव्हे. दुकानदार तोंड वाकडे करतो, करू द्यावे.

लाकडी दांड्याच्या गुण्याची बहुधा आतलीच बाजू भरवशाची असते, तरी लोक बाहेरच्या बाजूने आखतात. सरकत्या पट्टीच्या गुण्यात खाचेत भुसा अडकला की माप गेलेच. फिटर वापरतात तो अखंड पोलादी गुण्या मी पसंत करतो. जर्मन मानक डीआयएन ८७५ च्या दुसऱ्या श्रेणीत २०० मिलिमीटरला ०.०४ मिलिमीटर चूक चालते आणि लाकूडकामाला तेवढे पुष्कळ झाले. त्याहून वरची श्रेणी घेऊन मिरवणाऱ्यांनी आपले सागवान पावसाळ्यात किती फुगते तेही मोजावे.

पावसाळ्यात पट्टीला तेलाचा हात फिरवावा, आणि गुण्या हातातून पडला की पुढची रेघ मारण्याआधी तो पुन्हा तपासावा. पत्र्याचा मोठा गुण्या बिघडला तर कोपऱ्यात आतल्या बाजूला पंच (टोकदार पोलादी हत्यार) ठोकून कोन उघडता येतो, बाहेरच्या बाजूला ठोकून मिटवता येतो. मात्र अधीर माणसाने हा उद्योग नव्या गुण्यावर करू नये, तो दुकानातच बदलून घ्यावा.