घड्याळाचे स्क्रू निळे करताना
स्क्रूचा निळा म्हणजे लावलेला रंग नव्हे. तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा अतिपातळ थर चढतो, त्याची ती छटा. त्यामुळे निम्मं काम दिवा पेटवण्याआधीच झालेलं असावं लागतं. डोकं आरशासारखं पॉलिश करा, कारण निळ्यावर ओरखडा जास्तच उठून दिसतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा आणि त्यानंतर फक्त चिमट्यानेच धरा. बोटाचं तेल राहिलं तर तिथे डाग पडतो, आणि तो पुन्हा पॉलिश केल्याशिवाय जात नाही.

पितळेच्या जाड पट्टीला स्क्रूच्या दांड्याहून किंचित मोठं भोक पाडा, स्क्रू त्यात उभा ठेवा आणि पट्टीला खालून स्पिरिटच्या दिव्याची मंद आच द्या. थेट ज्योतीत धरलात तर डोक्याची कड आधी तापते आणि रंग पट्ट्यापट्ट्यांनी येतो. सुमारे २२०–२३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि २९०–३०० च्या आसपास गडद निळा. जांभळा निळ्याकडे झुकला की लगेच उचला. पट्टीवर राहिला तर आकाशी होऊन करडा पडतो. स्क्रू कार्बन स्टीलचाच हवा. स्टेनलेसला या तापमानाला हा निळा चढत नाही.